बाप जिवंत असताना

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "वन्सं, तुमचे दादा गेले. या," एवढंच त्या म्हणाल्या. रडण्याचा आवाज नाही, मागं कुणाची गडबड नाही... जणू पाहुणे आलेत, जेवायला या, असं सांगावं तसं. निवडलेली जुडी तशीच ठेवून मी रिक्षा केली. संध्याकाळी सगळे पंचगंगेच्या घाटावर पोचलो तेव्हा निम्मी एमआयडीसी तिथं उभी होती. फौंड्रीवाले होते, मशीनशॉपवाले होते, आणि दादाच्या कारखान्यातली पोरंबाया कामाच्या निळ्या कपड्यांतच आली होती. न्हावी पाण्याचा तांब्या आणि वस्तरा घेऊन पायरीवर बसला होता. अग्नी देणाऱ्या मुलाचं मुंडण व्हायचं होतं. रणजित, दादाचा एकुलता एक मुलगा, खांद्यापर्यंत रुळणारे केस मागं बांधून उभा होता.

"रणजित, बस रं बाळा. वेळ व्हायला लागलाय," नेसरीहून आलेले आमचे बाबूकाका म्हणाले.

"न्हाय बसणार."

"अरं, बाप हाय तुझा."

"व्हय की. म्हणूनच. त्यांच्या नावाचं मुंडण माझं कधीच झालंय. त्यांनी स्वतःच करून घेतलंय, जिवंत असताना. एका बापाचं दोनदा करत न्हाईत, काका."

आवाज चढवलेला नव्हता, पण घाटावर सगळ्यांना ऐकू गेलं. बाबूकाकांनी माझ्याकडं पाहिलं. मी वहिनींकडं पाहिलं. वहिनी नदीच्या पाण्याकडं बघत होत्या. शेवटी न्हाव्यानं वस्तरा गुंडाळला, आणि रणजितनं लांब केस तसेच ठेवून बापाला अग्नी दिला. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. शहरात शिकलेली पोरं अशीच, म्हणाले. खरं काय ते तिथं असलेल्या जुन्या कामगारांना ठाऊक होतं, आणि ती मंडळी खाली मान घालून उभी होती.

पुढं शोकसभा झाली. प्रत्येक वक्त्यानं एकच शब्द वापरला, शिस्तप्रिय. विलासराव शिस्तप्रिय होते, कामात तडजोड नव्हती, कोल्हापूरच्या मातीतला कडक माणूस... मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हा कुणाचा भाऊ? त्या दिवशी ठरवलं की दादावर आपण लिहायचं. रणजितला विचारलं. तो म्हणाला, "लिही की आत्ती. फक्त त्यांना देव करू नको, आणि मला बी बिचारा करू नको."

आमचं घर नेसरीचं. आबा पोस्टात होते. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. गाईनं धार देताना लाथ मारली तरी "असू दे गं" म्हणणारा माणूस. त्यांच्या पोटी दादा कसा निपजला हे आईलाही कधी उमगलं नाही. मला सायकल शिकवायची म्हणून त्यानं मला उतारावर नेलं, सीटवर बसवलं आणि ढकलून दिलं. खाली बांधावर आदळून माझा हात मोडला. मी मातीत बोंबलत पडलेली, आणि हा सावकाश चालत आला, आधी सायकलचं हँडल सरळ केलं, मग म्हणाला, "हात मोडला, पण सायकल आली का न्हाय?" आली होती, हे खरंच. त्यानंतर मी कधी पडले नाही. दादाचं सगळं असंच होतं. त्याच्या हाताखाली माणूस शिकायचा, पण काहीतरी मोडूनच शिकायचा.

डिप्लोमा करून तो पुण्याकडं एका मोठ्या कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये लागला आणि तिथं ईडी कोटिंग, म्हणजे विजेनं लोखंडावर रंग चढवायचं काम, शिकला. त्या काळी आपल्याकडच्या फौंड्र्यांतला माल, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट, ट्रकचे पार्ट, या कोटिंगसाठी ट्रकमध्ये भरून पुण्याला जायचा आणि परत यायचा. दादा म्हणाला, हे इथंच का होऊ नये? नोकरी सोडून तो कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात आला. प्लँट उभा राहिल्यावर त्यानं मला हाताला धरून आत नेलं. लांबलचक टाक्यांची रांग, वर साखळीवरनं सरकणारे हँगर, त्यांना टांगलेले लोखंडी तुकडे. आधी धुणं, मग फॉस्फेट, मग पुन्हा धुणं, आणि मग ती काळी टाकी. "शालू, ह्यात रंग हाय, पण दुधासारखा पातळ. लोखंड बुडवायचं आणि वीज सोडायची. ब्रश जिथं पोचत न्हाय तिथं रंग आपल्या पायानं जातो. भोकाच्या आत, वेल्डिंगच्या फटीत. मग भट्टीत भाजायचं. मग समुद्राकाठी ठेव न्हायतर उसाच्या फडात, गंज हात लावत न्हाय." भट्टीतनं बाहेर आलेला पहिला ब्रॅकेट गार झाल्यावर त्यानं गालाला लावला. मी माझ्या भावाला तेवढं आनंदी पुन्हा पाहिलं नाही. रणजित झाला तेव्हाही नाही.

त्या पहिल्या वर्षांत वहिनी स्वतः हँगरला माल टांगायच्या. कोडोलीच्या मोठ्या शेतकऱ्याची लेक, हाताला कधी काळं लागलेलं नाही, ती बाई दिवसभर उभी राहून लोखंड अडकवायची. एक तुकडा तिरका लागला की दादा लाईनच्या त्या टोकाकडून ओरडायचा. बायको म्हणून सूट नव्हती. उलट चार शिव्या जास्तच, म्हणजे बाकीच्यांना कळावं. एकदा तानाजीच्या पायावर आम्ल सांडलं. तानाजी म्हणजे कारखान्यातला सर्वांत जुना माणूस. दादानं त्याला उचलून स्वतःच्या गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं, आणि तो बरा होईपर्यंत रोज स्वतःच्या हातानं डबा नेला. रोज डबा उघडताना त्याला झोडायचाही, "डोळं कुठं ठेवलतास? बायकोच्या पदराला बांधलतास?" तानाजी आजही सांगतो, जेवण गोड लागायचं, पण घास गिळायचा नाही.

रणजित इंजिनीअर होऊन कारखान्यात आला. देखणा पोरगा, भुरभुरते केस, ते बसवायला डोक्याला काहीतरी चकचकीत लावायचा. कारखान्याचा नियम होता, टाकीजवळ डोक्याला तेल नको, अंगाला सेंट नको, हाताला क्रीम नको. त्यातल्या काही वस्तूंत असं काही असतं की त्याचा एक थेंब टाकीत गेला तरी रंग लोखंडावर नीट बसत नाही. भाजल्यावर देवीच्या व्रणासारखे बारीक खड्डे उठतात. रणजित ऑफिसात बसायचा, टाकीकडं जाताना टोपी घालायचा. तरी दादाच्या डोळ्यांत ते केस सलायचे. "हिरो आलाय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, पोरगा समोर असतानाच.

आणि एके सकाळी भट्टीतनं सगळा माल खड्डे घेऊन बाहेर आला. दुसरा लॉट तसाच, तिसराही तसाच. टाकी बिघडली होती. एवढी मोठी टाकी साफ करायची म्हणजे लाईन बंद, आणि वर गिऱ्हाइकाचा माणूस दारात येऊन बसलेला. मी तिथं नव्हते. जे झालं ते तानाजीनं सांगितलं आणि पुढं दादानंही, लपवाछपवी न करता. दादानं सगळ्या कामगारांना लाईनजवळ गोळा केलं. नाक्यावरच्या न्हाव्याला माणूस पाठवून बोलावून घेतलं. रणजितला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "ह्याच्या डोक्यानं माझी टाकी खाल्ली. आता टाकी ह्याचं डोकं खाईल. घे रं, साफ कर." रणजितला आधी चेष्टा वाटली. तो हसलाही. मग दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला दाबून धरला... पंचविशीचा, बापापेक्षा वीतभर उंच पोरगा. मनात आणलं असतं तर ढकलून उठला असता. उठला नाही. बाया तोंडाला पदर लावून उभ्या. हसावं का रडावं कुणाला कळेना, आणि एक-दोघं हसलेच.

हे कळल्यावर मी तडक दादाकडं गेले. तो जेवत होता. मी म्हटलं, "बाप जिवंत असताना पोराचं मुंडण केलंस? काय म्हणायचं तुला?"

"त्याची चूक न्हवती," दादा भाकरी मोडत म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"साखळीला तेलाचा स्प्रे मारलता, कुरकुर करत होती म्हणून. मीच आणलता तो डबा, मीच मारायला लावलता. तो ठिबकला टाकीत. रणजितनं सांगितलं की मला."

"कधी सांगितलं?"

"तिथंच. वस्तरा निम्मा फिरला होता तेव्हा. वर साखळीकडं बघून म्हणाला, पप्पा, परवाचा स्प्रे. मी बी वर बघितलं. लगेच कळलं मला."

"मग थांबला का नाहीस?"

दादानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच बिनडोक. "निम्म्या डोक्यानं सोडू व्हय त्याला?"

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी भाकरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती दादाच्या ताटात वाढली. मी दादाला म्हटलं, निदान आता तरी पोराला जवळ घे, कामगारांसमोर सांग की चूक माझी होती. तो म्हणाला, "सांगून केस उगवणार हायत व्हय? केस आपोआप उगवत्यात." आणि ताटातलं पिठलं पुसून घेतलं.

केस उगवायच्या आत रणजित घर सोडून गेला. तिकडं तमिळनाडूत, होसूरकडं एका कोटिंग प्लँटमध्ये नोकरीला लागला. आईला फोन करायचा, मला करायचा. बापाचं नाव कधी घेतलं नाही, आणि बापानंही त्याचं घेतलं नाही. दिवाळी यायची, जोतिबाची यात्रा यायची, वहिनी डोंगरावर जाऊन पोराच्या नावानं गुलाल-खोबरं उधळून यायच्या. दादा विचारायचा, "कुठं गेलतीस?" त्या म्हणायच्या, "देवाला." तेवढ्यावर बोलणं संपायचं. कारखाना वाढला. दुसरी लाईन आली. ज्या स्टुलावर रणजितला बसवलं होतं ते स्टूल कुणी हलवायला गेलं तर दादा ओरडायचा, "राहू दे तिथंच." ते पश्चात्तापानं म्हणायचा की कामगारांना धाक राहावा म्हणून, हे मी बहीण असूनही सांगू शकत नाही.

मग दादाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचेतला एकच शब्द राहिला, "पाणी". भूक लागली तरी पाणी, संडासला लागली तरी पाणी, राग आला तरी पाणीच. ज्या माणसाच्या जिभेनं शेकड्यांनी माणसं सोलून काढली, त्याच्या जिभेवर देवानं तेवढंच ठेवलं. सुरुवातीला बिचारी नर्स दर वेळी पाण्याचं भांडं पुढं करायची आणि दादा ते डाव्या हातानं उडवून द्यायचा. वहिनींनी रणजितला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला. मधल्या वर्षांत त्यानं तिकडंच लग्न केलं होतं, पण बायकोशी पटलं नव्हतं, एकटाच होता. एक बॅग, आणि खांद्यापर्यंत केस.

त्याच्यासारखी सेवा मी पाहिली नाही. बापाला अंघोळ तोच घालायचा, नर्सला हात लावू द्यायचा नाही. रात्री उठून कूस बदलायचा. एवढे महिने अंथरुणात काढून दादाच्या पाठीवर एक जखम झाली नाही. डॉक्टर म्हणाले, असा मुलगा भाग्यवंताला मिळतो. पण बापाशी एक शब्द बोलायचा नाही. एकही नाही. आणि रोज सकाळी दादाचं आवरून झालं की त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायचा, केस सोडायचा, तेल लावायचा, आणि सावकाश विंचरत राहायचा. मी एकदा तिथं होते. दादा एकटक बघत होता. मग त्यानं डावा हात उचलला, त्या केसांकडं नेला. कुरवाळायला की उपटायला, मला कळलं नाही, कदाचित त्यालाही कळलं नसेल... रणजितनं डोकं मागं घेतलं. फार नाही. बोटं पोचणार नाहीत, इतकंच. आणि तिथंच स्थिर ठेवलं. दादाचा हात हवेत दमला आणि खाली पडला. रणजितनं फणीतले गळलेले केस काढले, बोटाला गुंडाळले आणि उठला.

कारखाना तो चालवत होता, आणि बापाला चाकाच्या खुर्चीतून रोज तिथं नेत होता. लोक म्हणायचे, बघा, म्हाताऱ्याचं मन रमावं म्हणून केवढं करतोय. मी आणि वहिनी एकदा बरोबर गेलो. खुर्ची लाईनशेजारी लावली होती. थोड्या वेळानं दादा अस्वस्थ झाला. "पाणी," म्हणाला. मग मोठ्यानं, "पाणी! पाणी!" डावा हात समोर ताणलेला. रणजित आला. ग्लास भरून त्यानं दादाच्या तोंडाला लावला. दादानं मान फिरवली. रणजितनं हनुवटी धरून मान सरळ केली आणि पाजलं. "पाणी!" दुसरा ग्लास. निम्मं तोंडात, निम्मं छातीवर. काम थांबलं होतं, सगळे बघत होते. दादाचे डोळे बाहेर यायला आले होते आणि हात अजून तसाच ताणलेला. मी त्या हाताच्या रेषेत पाहिलं. फॉस्फेटनंतरच्या धुण्याच्या टाकीवर पांढरा फेस चढला होता. मला कोटिंगमधलं फारसं कळत नाही, पण ते पाणी खराब झालंय एवढं माझ्यासारखीलाही दिसत होतं.

मी ग्लास हिसकावून घेतला. "अरे, तहान नाही लागलेली त्याला! टाकीचं पाणी दाखवतोय तो."

रणजितनं माझ्या हातातनं ग्लास परत घेतला. "कळतंय मला, आत्ती," तो हळू म्हणाला. आणि पुन्हा भरला.

वहिनींनी मधे पडून खुर्ची फिरवली आणि दादाला गाडीकडं नेलं. भिजलेल्या शर्टात तो कुडकुडत होता आणि रडत होता. लकव्याच्या माणसाला रडू आवरत नाही म्हणतात. तेच असेल. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर रणजितनं लाईन बंद केली, टाकी रिकामी करून ताजं पाणी भरायला लावलं आणि तेवढा सगळा माल बाजूला काढला, असं मला पुढं तानाजीकडून कळलं. बापाचं म्हणणं त्यानं तंतोतंत ऐकलं होतं. फक्त बापाला ते दिसू दिलं नाही.

त्यानंतर दादाला कारखान्यात नेलं नाही. त्यानं बोलणंही सोडलं, होता तो शब्दसुद्धा. पावसाळा सरता सरता एका दुपारी जेवून पडला तो उठला नाही. रणजित तेव्हा त्याच्या पायाची नखं कापत होता. निम्मी कापून झाली होती. त्यानं उरलेली कापून पुरी केली, मग आईला हाक मारली. हे वहिनींनी सांगितलं.

माझा भाऊ वाईट होता का? मी रोज स्वतःला विचारते. या भागातल्या किती घरांतल्या चुली त्याच्या टाकीवर पेटल्या. त्यानं मला सायकल शिकवली, तिच्यावरनं मी नोकरी केली, संसार केला. आणि त्यानंच स्वतःच्या पोराला चारचौघांत स्टुलावर बसवून सोललं, चूक पोराची नाही हे कळल्यावरही. ही दोन्ही माणसं एकाच चितेवर जळली. वेगवेगळी करून राख गोळा करता येत नाही. रणजितबद्दलही मला हेच म्हणायचंय, आणि तो हे वाचणार आहे.

गेल्या आठवड्यात वहिनींना बरं वाटावं म्हणून मी त्यांना कारखान्यात घेऊन गेले. ऑफिसात बसलो होतो. दादाचा फोटो लावलाय, त्याला हार. चहा आला. वहिनी बशीत ओतून फुंकर घालत होत्या. तेवढ्यात लाईनवरनं आवाज आला, "ए! काय बघालास? तिरका लागलाय त्यो! डोळं घरी ठेवून आलास व्हय रं?"

तीच पट्टी, तोच 'व्हय रं'वरचा हिसका. दारातून आत आलेला तानाजी हसत म्हणाला, "बरं वाटलं बघा बाई. मालक गेल्यापासनं लाईन मुकी झालती. आता पोरं भ्यात्यात, काम नीट करत्यात."

वहिनींनी बशी खाली ठेवली होती. कधी ठेवली मला दिसलं नाही. पदर डोक्यावर घेऊन त्या खुर्चीतून उठल्या होत्या आणि भिंतीला लागून, हात पुढं बांधून उभ्या होत्या. इतकी वर्षं तो आवाज आला की त्या अशाच उभ्या राहत असणार.

"वहिनी," मी म्हटलं, "रणजित आहे तो... बसा."

"व्हय, रणजितच हाय," त्या म्हणाल्या.

पण बसल्या नाहीत.